साताऱ्याची पेन्शन, ब्रॅम्प्टनचं कार्ड

या वेळचं पत्र साताऱ्याहून आलंय, पण पत्ता कॅनडातल्या ब्रॅम्प्टनचाही आहे. पत्र लांब होतं. नावं आणि घरगुती तपशील गाळून थोडक्यात देते.

«ताई, नमस्कार. आम्ही दोघं मे २०२२ मध्ये मुलाकडे ब्रॅम्प्टनला पीआर (कायमचे रहिवासी) म्हणून आलो. हे ७१ वर्षांचे, मी ६७. साताऱ्याला राहतं घर आहे. आम्ही नसलो की कुलूप असतं. पुण्यात कात्रजला वन बीएचके आहे, येताना त्याची किंमत ३५ लाखांच्या आसपास होती, आता महिना १३,००० भाडं येतं. यांची पेन्शन ३८,०००. यांच्या वाटणीची जमीन येण्याआधी विकली, ते ४५ लाख बँकेत एफडीत आहेत. दरवर्षी दसऱ्याला साताऱ्यात पोचतो आणि एप्रिलअखेर ब्रॅम्प्टनला परततो. यंदा हे म्हणतायत, आंबे खाऊन १० जूनला निघू.

मागच्या जुलैत यांच्या छातीत दुखायला लागलं. तिथल्या हॉस्पिटलात दोन स्टेंट टाकले, एक डॉलर द्यावा लागला नाही. तेव्हापासून माझ्या मनाला खातंय. मुलानं आमची तीन वर्षांची रिटर्न भरली, उत्पन्न शून्य दाखवलं, कारण कॅनडात आमचं काहीच उत्पन्न नाही. दीर म्हणतात, वर्षात १८३ दिवसांच्या आत राहिलं की कॅनडाचा टॅक्स लागत नाही, आणि इथले पैसे तिकडे कोणाला कळतायत. सुनेच्या ऑफिसातलं कोणी म्हणालं, हे लपवलंत तर हेल्थ कार्ड जाईल आणि पीआरही जाईल. हे चिडतात, दोन्हीकडे टॅक्स भरून आम्ही खायचं काय म्हणतात. मला रात्र रात्र झोप नाही. आम्ही चोर ठरतो का?»

काकू, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे आज तरी डोळा लागेल. नाही, तुम्ही चोर नाही. काकांचे स्टेंट तुम्ही कोणाच्या खिशातून काढलेले नाहीत. ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोत ओहिपचं, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड कराची पावती बघून देत नाहीत. ज्याला इथं राहायचा हक्क आहे आणि जो खरोखर इथं राहतो, त्याला देतात. एक डॉलर न कमावणारी आजी आणि टोरांटोतला बडा वकील, दोघांच्या हातात तेच कार्ड असतं. त्यासाठी महिन्याचा हप्ता नाही. २००४ पासून इन्कम टॅक्सबरोबर एक हेल्थ प्रीमियम घेतला जातो. करपात्र उत्पन्न २०,००० डॉलरच्या वर गेलं तरच तो लागू होतो आणि वर्षाला ९०० डॉलरच्या पुढे जात नाही. तुम्ही दोघंही त्या रेषेच्या खाली आहात. काकांवर उपचार झाले तेव्हा तुम्ही मे महिन्यापासून ब्रॅम्प्टनमध्ये राहत होतात, कार्ड चालू होतं, नियमात बसत होतात. तो हिशेब तिथंच मिटला. त्याची लाज मनातून काढून टाका.

चुका दोन आहेत. एक होऊन गेली आहे आणि ती दुरुस्त होते. दुसरी १० जूनच्या तिकिटात दडलेली आहे, अजून व्हायची आहे.

तिकिटापासून सुरुवात करते, कारण ते तातडीचं आहे.

ओहिपचा नियम असा: कोणत्याही १२ महिन्यांच्या काळात निदान १५३ दिवस तुम्ही प्रत्यक्ष ओंटारियोत हवेत, आणि तुमचं मुख्य घर ओंटारियोत हवं. म्हणजे बाहेर राहायला २१२ दिवस मिळतात. ‘कोणत्याही’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे, बहुतेक लोक तिथंच फसतात. जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब इथं चालत नाही. समजा एखादा माणूस एका वर्षी जूनअखेर भारतात गेला आणि पुढच्या वर्षी १ जुलैला परत आला. दोन्ही कॅलेंडर वर्षांत तो सहा-सहा महिने ओंटारियोत होता. पण मधलं अख्खं एक वर्ष तो इथं नव्हता, आणि ओहिप ते वर्षसुद्धा मोजतं.

आता तुमचं बघू. तुम्ही दसऱ्याला पोचता म्हणालात म्हणून मी कालनिर्णय घेऊन बसले. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. तिथून ३० एप्रिल २०२५ पर्यंत २०१ दिवस. २०२५ चा दसरा दहा दिवस अलीकडे आला, २ ऑक्टोबरला, आणि तुम्हीही दहा दिवस आधी पोचलात. आता १२ ऑक्टोबर २०२४ ते ११ ऑक्टोबर २०२५ हे वर्ष धरा: आधीचे २०१ आणि नंतरचे १०, बाहेर २११ दिवस. ओंटारियोत १५४. काकू, तुम्ही एका दिवसाने वाचलात. विमानातले, दुबई-दोहात बसून काढलेले दिवस धरायला गेलं तर तोही दिवस हातात राहत नाही. पंचांगात तिथी पुढेमागे होते, सरकारची मोजणी होत नाही.

यंदा २ ऑक्टोबरपासून ३० एप्रिल २०२६ पर्यंत पुन्हा २११ दिवस होतात. १० जूनला निघालात तर २५२. मग ओंटारियोतले दिवस उरतात ११३. तिथं कार्ड तुटतं. काकांच्या छातीत दोन स्टेंट असताना तुटतं. म्हणून माझं स्पष्ट सांगणं आहे: तिकीट १५ एप्रिलच्या आधीचं करा. फ्लाइट रद्द होणं, ताप येणं, कोणाकडे लग्नकार्य निघणं, यासाठी पंधरा दिवसांची गाठ बांधून ठेवा. आणि पुढचा दसरा २० ऑक्टोबरला आहे, तेव्हा त्या बाजूला थोडा श्वास मिळेल.

हे मी इतकं घासून का सांगते आहे, तर आमच्या घरात हे घडलंय. माझ्या सासूबाई एका वर्षी नऊ महिने गावी राहून परतल्या. कोणी काही मोजलं नव्हतं. जानेवारीत दारातल्या बर्फावरून पाय घसरला, खुबा मोडला. हॉस्पिटलातल्यांनी जीव लावून केलं, त्यांना कुठलाही दोष नाही. पण कार्ड त्या वेळी चालू नव्हतं, आणि कार्डाशिवाय इथं खाटेचा एका दिवसाचा खर्च हजारांत जातो, डॉलरमध्ये. बिल आलं ते लांबट पांढऱ्या पाकिटात. सासूबाईंनी त्याच पाकिटाच्या मागे पेन्सिलीने डॉलरचे रुपये केले. गुणाकार दोनदा केला, चुकला असेल म्हणून. आम्ही हप्त्यांनी ते फेडलं, ते सोडा. पण त्यानंतर त्यांनी काही दुखलं तर सांगणं बंद केलं. पोटात कळ आली तरी ‘काही नाही गं, वारा धरलाय’ म्हणायच्या. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं. तुमच्या घरात काकांनी छातीतली कळ लपवायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे दिवस मोजायचे.

पीआरचा हिशेब वेगळा आहे. तिथं पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात लागतात. १५३ ला पाचाने गुणा: ७६५. म्हणजे जो ओहिपची अट नीट पाळतो त्याचा पीआर या कारणाने अडचणीत येत नाही, पण शिल्लक फक्त ३५ दिवसांची राहते. जूनपर्यंतचा एक मुक्काम ती सगळी खाऊन वर आणखी मागेल. आणि ‘कोणाला कळतंय’ हे इथं अजिबात चालणार नाही. विमानाने देश सोडणाऱ्याची नोंद २०२० पासून कॅनडाच्या सीमा खात्याकडे जाते. पासपोर्टवर शिक्का नसला म्हणून नोंद नाही असं समजू नका.

आता टॅक्स. भाऊजी जे १८३ दिवस सांगतायत तो नियम खरा आहे, पण त्यांनी तो उलटा धरलाय. ज्याचं कॅनडात घर नाही, संसार नाही, असा पाहुणा माणूस वर्षात १८३ दिवस किंवा जास्त इथं राहिला तर त्यालाही रहिवासी मानायचं, असा तो नियम आहे. माणसाला कराच्या जाळ्यात ओढण्यासाठी तो आहे, सोडवण्यासाठी नाही. ज्याचं इथं आधीपासून बस्तान आहे, त्याचे दिवस मोजतच नाहीत. त्याचे संबंध बघतात: राहायची जागा, नवरा किंवा बायको, अवलंबून असलेली मुलं. मग बँक खातं, लायसन्स आणि, काकू, हेल्थ कार्डसुद्धा. तुम्ही नवरा-बायको पीआरवर, मुलाच्या घरात तुमची खोली, बँकेत खातं, पर्समध्ये ओहिप. तुम्ही कॅनडाचे करनिवासी आहात असंच सीआरए, म्हणजे कॅनडाचं कर खातं, धरणार. आणि कॅनडाचा करनिवासी जगभरातलं उत्पन्न दाखवतो. साताऱ्याची पेन्शन, कात्रजचं भाडं, एफडीचं व्याज, पीपीएफ असेल तर त्याचंही व्याज. भारतात ते करमुक्त असलं तरी इथं नाही.

काका इथं चिडणार. त्यांना म्हणावं, एक मिनिट थांबा, आकडे मांडू.

पेन्शन वर्षाची ४,५६,०००. भाडं १,५६,०००. एफडीचं व्याज ७ टक्क्यांनी धरलं तर ३,१५,०००. एकूण ९,२७,०००. आजच्या दराने १५,००० डॉलरच्या आसपास. जमीन काकांची होती, म्हणून एफडीवर तुमचं नाव असलं तरी व्याज काकांच्याच रिटर्नमध्ये जाईल. नाव कोणाचं यापेक्षा पैसा कोणाचा हे कॅनडा बघतं. आता दुसरी बाजू. २०२५ साठी केंद्राच्या करात प्रत्येकाला १६,१२९ डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. वय ६५ च्या पुढे आणि उत्पन्न कमी असेल तर त्यावर आणखी ९,००० च्या आसपास सूट. ओंटारियोच्या करातही मूळ सूट आणि वयाची सूट अशा दोन्ही आहेत. म्हणजे काकांनी सगळं, अगदी पैन् पै, दाखवलं असतं तरी कर आला असता शून्य.

शून्य, काकू. तीन वर्षं तुम्ही रात्र रात्र जागून जे लपवलंत, ते लपवण्यासारखं नव्हतंच. ते जीएसटी क्रेडिट आणि ट्रिलियमचे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, पैसे अधूनमधून खात्यात येतात ना, तेही कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतात, पण १५,००० डॉलरच्या उत्पन्नाला ते मिळतातच. परत करायची वेळ बहुधा येणार नाही.

भारतातही बघा. तुम्ही वर्षात १८२ दिवसांच्या वर तिथं असता, म्हणून भारताच्या हिशेबानेही तुम्ही रहिवासी आहात. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर रहिवाशाला कर शून्य होतो. म्हणजे दोन्हीकडे रिटर्न भरायचं आहे, दोन्हीकडे कर भरायचा नाही. मागच्या वर्षांत भारतात काही कर गेला असेल तर तोच पैसा इथं दुसऱ्यांदा घेऊ नये यासाठी दोन देशांत १९९६ मध्ये झालेला करार आहे. पेन्शनसाठी त्यात वेगळं कलम आहे, काकांची पेन्शन त्यात कशी बसते ते अकाउंटंट बघेल. तुम्ही त्याच्यापुढे आकडा मांडायचा, एवढंच तुमचं काम.

मग अडचण कुठं आहे? ती एका फॉर्ममध्ये आहे, आणि याबद्दल आपल्या लोकांत कोणी बोलतच नाही. त्याचं नाव टी-११३५. कॅनडाबाहेरची तुमची मालमत्ता वर्षात कधीही १,००,००० डॉलरच्या वर गेली की हा फॉर्म भरायचा. राहतं घर यात धरत नाहीत, म्हणून साताऱ्याचं घर बाजूला ठेवा. भाड्याने दिलेला फ्लॅट मात्र धरतात, आणि तुम्ही कॅनडात आलात त्या दिवशीची त्याची बाजारातली किंमत ही त्याची किंमत मानतात. ३५ लाख आणि एफडीचे ४५ लाख, मिळून ८० लाख. १,००,००० डॉलर म्हणजे ६० ते ६५ लाख. फ्लॅटही काकांचाच धरला तर काका रेषेच्या वर आहेत. पहिल्या वर्षी हा फॉर्म माफ असतो, म्हणून २०२२ चा प्रश्न नाही. २०२३ आणि २०२४ चे राहिलेत. हा फॉर्म कर मागत नाही, नुसती माहिती मागतो, पण उशिराला दिवसाला २५ डॉलर, जास्तीत जास्त २,५०० डॉलर दंड आहे, प्रत्येक वर्षाच्या फॉर्मला. कर शून्य आणि दंड ५,०००, असं व्हायला नको.

त्यावर उपाय आहे. सीआरएकडे स्वतःहून चूक कबूल करण्याची सोय आहे. त्यांचं पत्र यायच्या आधी आपण होऊन गेलो आणि अर्ज मान्य झाला, तर दंड माफ होतो. इथला असा अकाउंटंट गाठा ज्यानं परदेशी मालमत्तेची रिटर्न भरली आहेत. लायब्ररीत मार्च-एप्रिलमध्ये आम्ही जे स्वयंसेवक फुकट रिटर्न भरून देतो, त्यांच्याकडे हे नेऊ नका, अशी प्रकरणं आम्हाला घेता येत नाहीत. ही फी द्या, ती वाया जाणार नाही. जुनी तिन्ही रिटर्न दुरुस्त होतात, दहा वर्षं मागे जाता येतं. २०२५ चं रिटर्न ३० एप्रिलच्या आत जायचं आहे, आणि ते पहिल्यापासून नीट जाऊ द्या. मुलाला मात्र बोल लावू नका. ‘इथलं उत्पन्न नाही’ म्हणून शून्य लिहिणारी मुलं मी दर वर्षी बघते. त्यात लबाडी नसते, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आणि ‘कळतंय कोणाला’ याचं उत्तर साताऱ्याच्या बँकेतच आहे. केवायसी करताना काकांनी एका कागदावर सही केली असेल. त्यात विचारलेलं असतं, तुम्ही भारताशिवाय दुसऱ्या कोणत्या देशाचे करनिवासी आहात का. बहुतेक सगळे तिथं ‘नाही’वर खूण करतात, कारण काउंटरवरचा माणूसच म्हणतो, काका, इथं नाही करा आणि खाली सही. ‘हो’ म्हणणाऱ्यांच्या खात्यांची माहिती भारत २०१७ पासून दुसऱ्या देशांना देतोय, कॅनडा २०१८ पासून. आता गेलात की तो कागद दुरुस्त करून घ्या. बँक दोन कागद जास्त मागेल, खात्याचा प्रकार बदलायला लावेल कदाचित. लावू दे.

इथवरचं सगळं आकड्यांचं होतं. आता जे आकड्यांत बसत नाही ते सांगते, थोडं कडू लागेल.

कोणी हुशार सल्लागार तुम्हाला तिसरा मार्ग दाखवेल. दोन्ही देश तुम्हाला रहिवासी म्हणत असतील तर करारात एक कसोटी आहे: कायमचं घर कुठं, जिव्हाळ्याचे संबंध कुठं, नेहमीचं राहणं कुठं, शेवटी नागरिकत्व कुठलं. त्या कसोटीवर ‘आमचा जीव साताऱ्यात आहे’ असं लिहून दिलं तर कॅनडाला भारतातलं काही दाखवायला नको, ना टी-११३५, ना काही. ज्याचं खरोखर तसं आहे त्यानं तो मार्ग घ्यावा, कायदाच तो देतो. पण ज्या हातानं सीआरएला ‘घर साताऱ्याला’ लिहायचं, त्याच हातानं सर्व्हिस ओंटारियो या सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर ‘मुख्य घर ब्रॅम्प्टनला’ म्हणून कार्डाचं नूतनीकरण करायचं? कायदे वेगळे, खाती वेगळी, पण सही एकाच माणसाची आहे. मी असं करायला तुम्हाला सांगणार नाही. आज झोप लागत नाही म्हणताय, त्यानंतर कधीच लागणार नाही.

म्हणून काकांना एकदा शांतपणे विचारा, घर कुठलं? हा प्रश्न तुम्ही दोघांनी साडेतीन वर्षांत एकमेकांना विचारलेला नाही असं मला पत्रातून वाटलं. तुम्ही ब्रॅम्प्टनबद्दल लिहिताना ‘मुलाकडे’ लिहिता आणि साताऱ्याबद्दल लिहिताना ‘राहतं घर’. वर्षातले सात महिने तुम्ही तिथं असता. तेव्हा उत्तर ‘सातारा’ आलं तर दचकू नका, त्यात कमीपणा काहीच नाही. मग पीआर रीतसर परत करायची, ओहिपचं कार्ड परत करायचं आणि सुपर व्हिसावर येत राहायचं. त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, व्हिसा दहा वर्षांपर्यंत मिळतो, आणि निदान १,००,००० डॉलरचा एक वर्षाचा खाजगी आरोग्य विमा लागतो. ७१ वर्षं आणि दोन स्टेंट म्हटल्यावर तो हप्ता जड जाईल, जुन्या आजारांबद्दल अटी असतील, हेही लपवत नाही. पण नातवंडांना भेटायचं एवढंच असेल, तर तो सरळ रस्ता आहे. पीआर सोडतानाही कराचे काही हिशेब असतात. मात्र कॅनडात ६० महिन्यांच्या आतच राहिलेल्या माणसाला, येण्याआधीपासून असलेल्या मालमत्तेवर त्यातून बरीच सूट मिळते. मे २०२७ ला तुमचे ६० महिने भरतात. विचार करायचा असेल तर तोवर करा.

उत्तर ‘ब्रॅम्प्टन’ आलं, तर मग ते पूर्ण असू द्या. दिवस मोजून राहायचं, सगळं दाखवायचं, आणि साताऱ्याला जाताना तिथलं मेडिक्लेम सोबत ठेवायचं. ओहिप परदेशातल्या तातडीच्या हॉस्पिटलच्या मुक्कामाला दिवसाला २०० डॉलर, फार गंभीर असेल तर ४०० डॉलरपर्यंत देतं, तेही आपण आधी भरून नंतर मागायचं. दोन स्टेंटवाल्या माणसाला सात महिने त्या भरवशावर ठेवू नका. भारतात ६५ नंतर नवी पॉलिसी मिळत नाही ही जुनी गोष्ट झाली. एप्रिल २०२४ पासून ती वयाची अट गेली, आणि जुन्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही शून्य झालाय. या मुक्कामातच काढून टाका, म्हणजे ती तीन वर्षं आजपासून मोजायला लागतील.

तुमच्या सुनेच्या ऑफिसातलं कोणी जे म्हणालं त्याबद्दल एवढंच: टॅक्स चुकला म्हणून उद्या सकाळी कोणी येऊन कार्ड आणि पीआर ओढून नेत नाही. तिन्हींचे नियम वेगवेगळे आहेत, मी वर सांगितले तसे. भीती घालणाऱ्यांचं आणि ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचं, दोघांचंही ऐकू नका.

एक काम मात्र आजच करा. कालनिर्णय भिंतीवर असेलच. ओंटारियोतले दिवस निळ्या पेनने आणि भारतातले लाल पेनने, असे २०२२ च्या मेपासूनचे सगळे एका वहीत उतरवून काढा. जुने बोर्डिंग पास, तिकिटांचे ईमेल मुलाकडून मागवून घ्या आणि त्याच वहीत चिकटवा. अकाउंटंट असो, सर्व्हिस ओंटारियो असो, पीआर कार्डाचं नूतनीकरण असो, सगळे पहिला प्रश्न हाच विचारणार आहेत. ही वही काकांना लिहायला द्या. पेन्शनीत निघालेला माणूस असा हिशेब मन लावून करतो, आणि लाल रकाना किती लांब गेलाय हे त्यांना कोणी सांगण्यापेक्षा त्यांच्याच हाताने दिसलेलं बरं.

आणि आंब्यांचं म्हणाल तर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याच्या बाजारात पहिल्या पेट्या आलेल्या असतील. महाग असतील, तरी दोन डझन घ्या, काकांना पोटभर खाऊ द्या आणि मग निघा. उरलेली हौस मेमध्ये ब्रॅम्प्टनच्या देशी दुकानात भागेल, तिथंही हापूस येतो.

तिकीट बदललंत की मला दोन ओळी कळवा. वाट बघते.

तुमची,
ताई